मनातले मांडे, पोटातले मांडे

बाकीची मराठी दुनिया मनातल्या मनात मांडे खाते. आपण बेळगावकर मात्र ते लग्नाच्या पंगतीत खातो, त्यामुळे आपली जबाबदारी मोठी. ती पार पाडायची तर आधी दातांना सुट्टी द्या. दात फोटोत हसायला असतात. चावत बसलात तर लाळ सुटणार, ती भातातल्या पिष्टाचे तुकडे तोंडातच पाडायला लागणार आणि तेवढ्यात शेजारचा तिसऱ्या मांड्यावर पोचलेला असणार. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ शरीर तयार करतं, करू दे. आपण पाण्याच्या घोटाबरोबर घास ढकलायचा.

पुढे अन्ननलिका. लांबी साधारण 25 सेंटीमीटर, म्हणजे शाळेतल्या पट्टीहून थोडी आखूड. तिचे स्नायू लाटेसारखे आकसत घास खाली नेतात. तुम्हाला उलटं टांगलं तरी तो जठराकडेच जाईल. एवढी सोय असताना दोन घासांत दम कशाला घ्यायचा?

जठरात लिटर-दीड लिटर माल बरा मावतो. वाढपी मात्र माप घेऊन येत नाही.

"घ्या की ओ, एकच!"

"पोट भरलं हो."

"मांड्याला काय पोट लागतंय? पापुद्रा तर आहे नुस्ता."

पापुद्रा खराच. पालथ्या भांड्यावर भाजलेला, रुमालासारखी घडी घातलेला, बोट लावलं की चुरा होणारा. पण घडीतली पिठीसाखर आणि वरून ओतलेलं तूप काही पापुद्र्याचं नसतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचायला वीसेक मिनिटं लागतात. आग्रह करणाऱ्या मावशी दोन सेकंदांत पोचतात. अशा वेळी निरोपाची वाट बघणं हा मावशींचा अपमान आहे.

तूप भरपूर घ्या, हे विशेष सांगणं. स्निग्ध पदार्थ लहान आतड्याच्या तोंडाशी आले की तिथून जठराला 'जरा थांब' असा रासायनिक निरोप जातो. मग जठराच्या खालच्या दारातून लापशी घोटघोट सुटते, मागे रांग वाढत जाते. महामार्गावरच्या कोगनोळी टोलनाक्यावर अडकलेल्यांना यापुढे काही समजवायला नको. तुपाचे बारीक थेंब करायला पित्त लागतं. ते यकृत बनवतं आणि पित्ताशय साठवतं. आपण 'पित्त झालंय' म्हणतो तेव्हा घशाशी येतं ते मात्र बहुधा जठरातलं आम्ल. बिचाऱ्या पित्ताची उगाच बदनामी.

नंतर सहाएक मीटरचं लहान आतडं. आतून मखमलीसारखं, बारीक बारीक बोटांनी भरलेलं. पोषण तिथूनच रक्तात शिरतं. दुकानाची पाटी कन्नडमध्ये होती की मराठीत, हे ती बोटं विचारत नाहीत. कुंदा, आपली खव्याची मिठाई, त्यातली साखर ती साखर. सीमाभागात राहून एवढं बेफिकीर असणं बरं नव्हे, पण असो. उरलेलं पाणी दीड मीटरचं मोठं आतडं शोषून घेतं. त्याला दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसवून चोर्ला घाटात न्या, म्हणजे मजा.

जेवण झालं की निपाणीची तंबाखू मळा आणि लगेच आडवे व्हा. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंचं एक कडं असतं, आम्ल वर येऊ नये म्हणून. निकोटिनने ते सैल पडतं, आडवं झाल्यावर उतारही उरत नाही. जठराला आतून चिकट अस्तर आहे, अन्ननलिकेला तसलं संरक्षण नाही.

यातलं काहीही मी ऐकीव सांगत नाही. खानापुराकडच्या एका लग्नात सगळं नेमाने पाळलं. रात्री दोनला भिंतीला टेकून बसलो होतो, छातीत जाळ, घशात आंबट. यजमान काका तांब्या घेऊन लगबगीने आले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काळजीने म्हणाले, "झोप लागंना काय ओ? जेवण कमी पडलं असणार. थांबा, कुंदा आणतो."