लिनस झापायचे म्हणून लिनक्स भक्कम झाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कोड तपासताना लिहिणाऱ्याला झापू नये, या माझ्या म्हणण्यावर इतकं मोकळेपणाने लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं, की लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स लोकांना झापायचे म्हणूनच लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, भक्कम झाला. रिव्ह्यूत, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना, मनं जपत बसलं तर रद्दी कोड आत येईल. आणि फुकट राबणाऱ्या मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, गोड बोलायला वेळ कुठे असतो?

रद्दी कोडची भीती मला पूर्ण मान्य आहे. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या कोडमधली हार्टब्लीड ही चूक आठवा. समोरून आलेल्या संदेशात सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासायचं राहिलं होतं. डिसेंबर २०११ मध्ये तो कोड रिव्ह्यू होऊनच आत गेला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. तिथे नजर कमी पडली. लिहिणाऱ्याला चार शिव्या घालून ती वाढली नसती.

लिनस यांचं म्हणाल, तर वापरकर्त्याचा चालता प्रोग्राम नव्या कर्नलने मोडता कामा नये हा त्यांचा हट्ट मला शंभर टक्के पटतो. पण आपल्या बोचऱ्या मेल्सबद्दल त्यांनी स्वतःच सप्टेंबर २०१८ मध्ये माफी मागितली आणि काही दिवस बाजूला झाले. तेव्हा तयार होत असलेली कर्नलची ४.१९ आवृत्ती ऑक्टोबरमध्ये दुसरे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी बाहेर काढली. न पटलेला कोड लिनस आजही परत पाठवतात.

मला जास्त काळजी एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनाबाबत घडलं तसल्या प्रकारांची वाटते. पॅच, म्हणजे इतरांनी पाठवलेले कोडमधले बदल, घ्यायला उशीर होतो म्हणून २०२२ मध्ये काही खाती त्याच्या एकट्या मेंटेनरला सतत टोचत राहिली. पुढे ‘जिया टॅन’ नावाच्या मदतनीस खात्याकडे अधिकार गेले आणि त्याच खात्याने बॅकडोअर, म्हणजे आत शिरायचा चोरदरवाजा, घातला. टोचणारी खातीही त्याच कटातली असावीत, असा दाट संशय आहे. हे मार्च २०२४ मध्ये सापडलं, कारण एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने सोडून दिलं नाही. मला हवा असलेला काटेकोरपणा हा.

वेळेचा मुद्दा खरा आहे, पण गोड बोला असं मी म्हणतच नाही. ‘हा लूप प्रत्येक रेकॉर्डसाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी पाठवतो, हजार रेकॉर्डना हजार क्वेरी, असं मर्ज करून आत घेणार नाही’ यात गोडवा कुठे आहे? तरी नवखी मुलगी हे वाचून दुसरा पॅच पाठवू शकते. ‘काय कचरा लिहिलाय’ वाचून तिला काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही. आणि तेवढंही लिहायला वेळ नसेल, तर ‘सध्या बघता येणार नाही’ म्हणून पॅच बंद करा. त्याबद्दल मी तुम्हाला कधीच बोल लावणार नाही.