बेअर ब्रायंटच्या नावावर पोरांचं पाणी तोडू नका

माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय. त्यांच्या सरांनी ग्रुपवर एक पोस्ट टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानावर पाण्याच्या बाटल्या बंद. मजकूर असा: अमेरिकेतला महान कॉलेज फुटबॉल कोच बेअर ब्रायंट याने १०० पोरं वाळवंटात नेली, दहा दिवस पाण्याशिवाय सराव घेतला, ३५ टिकली आणि त्या ३५ जणांनी एकही सामना न हरता विजेतेपद पटकावलं. त्याने अस्वल लोळवलं होतं, त्याच्याइतके विजय कुणाचेच नाहीत. शेवटी ठळक अक्षरांत: 'सरावात पाणी मागतो तो कमजोर.'

शिबिर झालं होतं, हे खरं. सप्टेंबर १९५४, टेक्सासमधलं जंक्शन गाव, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. वाळवंट नव्हतं, पण दुष्काळ होता, मैदान खडकाळ आणि काटेरी, आणि सरावात पाणी बंद. पोरं रातोरात पळाली, हेही खरं. एक खेळाडू उष्माघाताने कोसळून जेमतेम वाचला, ते मात्र पोस्टमध्ये नाही.

आणि पुढे काय झालं? त्या मोसमात संघ १० सामने खेळला. १ जिंकला, ९ हरला! पहिल्याच सामन्यात टेक्सास टेक विद्यापीठाने ४१-९ असं धुतलं. ब्रायंटने १९४५ ते १९८२ अशी ३८ वर्षं मुख्य कोच म्हणून काढली, त्यात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले असा मोसम हा एकच. पाणी तोडलं त्याच वर्षीचा. ए अँड एम अपराजित राहिला तो १९५६ मध्ये, तोवर जंक्शनचे मोजकेच उरले होते. जॉन डेव्हिड क्रोसारखा त्या संघातला मोठा खेळाडू जंक्शनला गेलाच नव्हता.

अस्वलाचं म्हणाल तर पोरवयात खेळवाल्याच्या अस्वलाशी झटायला तो तयार झाला, त्यावरून नाव पडलं. ३२३ विजय हा निवृत्तीच्या वेळी मोठा विक्रम होता, पण जो पॅटर्नो हा दुसरा कॉलेज कोच पुढे ४०९ पर्यंत गेला.

जंक्शनमधून चिवट माणसं निघाली, हे मान्य करावं लागेल. तिथे टिकलेल्या जीन स्टॉलिंग्जने पुढे कोच म्हणून अलाबामा विद्यापीठाला १९९२ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. पण तो तहानेमुळे घडला, हे कशावरून? ब्रायंटची स्वतःची सहा राष्ट्रीय विजेतेपदंही अलाबामाचीच, जंक्शननंतरच्या काळातली.

'कमजोर' म्हणणाऱ्यांनी मेरीलँड विद्यापीठाचं प्रकरण वाचावं. २९ मे २०१८ रोजी जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा धिप्पाड फुटबॉलपटू धावण्याच्या सरावात उष्माघाताने कोसळला आणि १३ जूनला गेला. विद्यापीठानेच नेमलेल्या चौकशीत निघालं की त्याच्या शरीराचं तापमान मोजलं नाही, त्याला थंड पाण्यात बुडवलं नाही, आणि रुग्णवाहिका निघेपर्यंत तासाहून जास्त वेळ गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जबाबदारी स्वीकारली, कोचला काढलं.

सर, १६०० मीटरचा सराव पहाटे घ्या. मागेल त्याला पाणी द्या. पण पाणी प्यायलेल्यालाही उष्माघात होतो, म्हणून बर्फ आणि पाण्याने भरलेलं पिंप मैदानावर ठेवा. पोरगं झोकांड्या द्यायला, असंबद्ध बोलायला लागलं की दवाखान्याला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत त्याला गार करत राहा.