ओळखी होतीलच, आधी पीएफचा यूएएन क्रमांक बघा
नव्या नोकरीत रुळण्यासाठी सगळ्यांशी हसून बोला, डबा एकत्र खा, असा सल्ला देणारा लेख वाचला, तो बरोबरच. पण नाशिकच्या सातपूर-अंबडला कंपनी बदलणारी बरीच मुलं अडकतात ती कागदांत.

रुजू होताना पीएफचा फॉर्म ११ भरून घेतात. त्यात जुनाच यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक) द्या. ‘पहिलीच नोकरी’ असं लिहिलंत तर दुसरा यूएएन निघतो आणि मग दोन खाती जोडत बसा. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख पीएफच्या नोंदीशी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर पैसे इकडे वळत नाहीत. पीएफच्या शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर स्वतःही टाकता येते. आणि पीएफ काढू नका, ट्रान्स्फरच करा. सलग 5 वर्षं पुरी व्हायच्या आत 50,000 किंवा जास्त काढलेत तर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला जातो.

महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू. कापतात 0.75 टक्के. जुनाच विमा क्रमांक चालतो, फक्त घरच्यांची नावं त्यात आहेत का ते बघून घ्या. ऐन दवाखान्याच्या वेळी नाव नसल्याचं कळतं.

वर्षाच्या मध्येच आला असाल तर आधीचा पगार आणि कापलेला टीडीएस नव्या अकाउंट्सला लेखी कळवा. नाहीतर दोन्हीकडे करातली सूट धरली जाते आणि रिटर्न भरताना फटका बसतो.

बाकी कँटीनमधल्या ओळखी काय, आठवडाभरात होतात!