वायर गेली, पण दिवाण कुठे जाणार?

मे महिन्यात धाकटा भाऊ अमेरिकेहून सुट्टीला आला आणि कोल्हापूरला सासुरवाडीला जाताना त्याचा मेटा क्वेस्ट ३ हा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी जगात शिरायचं यंत्र) पंधरा दिवस माझ्याकडे ठेवून गेला. कॉलेजपासून पीसीवर गेम खेळणाऱ्या बाईच्या हातात अशी वस्तू देऊन कोणी गावाला जातं का?

व्हीआर याआधी एकदाच केला होता. एका मॉलच्या गेम झोनमध्ये. डोक्यातून जाडजूड वायर निघालेली आणि ती पायात येऊ नये म्हणून एक मुलगा मागून उचलून धरायचा, लग्नात नवरीचा शालू सावरतात तशी. क्वेस्टला हे काही नाही. कॉम्प्युटर डोक्यावरच, कॅमेरेही त्यातच. घातला की सुरू. इथवर पैकीच्या पैकी मार्क.

मग तो जमिनीवर हद्द आखायला सांगतो. फिरून खेळायचं तर साधारण साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा हवी. आमचं घर विक्रोळीत, कन्नमवार नगरात. हॉलमध्ये दिवाण, शोकेस, शिलाई मशीन आणि सासूबाईंची खुर्ची. टीपॉय गॅलरीत नेला, खुर्ची दारात सरकवली, तेव्हा कुठे पाच बाय साडेचारचा तुकडा मिळाला. हव्या असलेल्या पूर्ण जागेचा हिशेब करून बघितला: ४२ चौरस फूट, आमच्याकडचा दर नुसता २० हजार धरला तरी ८ लाख ४० हजारांची फरशी. २०२३ मध्ये हा हेडसेट आला तेव्हा त्याची किंमत होती ४९९ डॉलर. म्हणजे महाग काय आहे ते बघा.

पहिल्याच संध्याकाळी बीट सेबर हा गेम लावला. दोन्ही हातांतले कंट्रोलर म्हणजे तलवारी, समोरून येणारे लाल-निळे ठोकळे तालावर कापत सुटायचं. इतका घाम मला जिममध्येही आला नव्हता. तिसऱ्या गाण्याला उजवा कंट्रोलर शोकेसच्या कडेवर आपटला. पंखा वाचला तो माझ्या पाच फूट उंचीमुळे.

बॅटरी दोनेक तासच चालते, अशी सगळ्यांची ओरड असते. अहो, मुंबईच्या मेमध्ये दोन तास घालतंय कोण? ५१५ ग्रॅम वजन, सगळा भार पुढे, गालावर फोम. वीस मिनिटांत फोम ओला आणि काजळ त्याला लागलेलं. (क्लचर लावून मागचा पट्टा बसत नाही. केस खाली बांधा, नाहीतर शेंडी पट्ट्यातून बाहेर काढा.) आणि थंबस्टिकने, म्हणजे कंट्रोलरवरची छोटी दांडी अंगठ्याने ढकलून, चालायचे गेम तर माझ्याने होतच नाहीत. डोळे म्हणतात धावतेयस, कानातला तोल म्हणतो जागेवर उभी आहेस. या भांडणात पोटात ढवळायला लागतं, घाटात एसटीच्या मागच्या सीटवर ढवळतं तसं. ठोकळे जागेवरच उभं राहून कापायचे असतात, म्हणून तिथे हा त्रास नाही.

नवरा म्हणाला, गच्चीवर खेळ. उन्हात? भिंगातून ऊन आत गेलं तर स्क्रीनच जळायची.

आता खरा मोह स्टीम फ्रेम या दुसऱ्या हेडसेटचा. पीसी गेमचं ऑनलाइन दुकान 'स्टीम' चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने तो नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. पट्ट्यासकट ४४० ग्रॅम, बॅटरी डोक्यामागे, पीसीवरचं चित्र वायरशिवाय हेडसेटमध्ये पाठवायला पीसीला लावायचा छोटा डाँगल सोबतच. डोळा जिथे बघतोय तिथलंच चित्र जास्त बारकाईने येतं. माझे स्टीमवरचे इतक्या वर्षांचे गेम त्यात मोठ्या पडद्यासारखे दिवाणावर बसून खेळता येतील, म्हणजे जागेचा प्रश्नच मिटला. पण बाहेरचं दाखवणारे त्याचे कॅमेरे काळे-पांढरे. क्वेस्टमध्ये सासूबाई चहाचा कप घेऊन मधून गेल्या तरी रंगीत दिसतात, आणि आमच्याकडे ही चैन नाही, गरज आहे.

लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात क्वेस्टची चौकशी केली. बिल नाही, वॉरंटी 'दुकानाची, सात दिवस'. तिथून सरळ ग्रँट रोड स्टेशन गाठलं.

तरी ठोकळे डोक्यातून जात नाहीत. काल जेवताना दिवाण विकायचा विषय हळूच काढला. सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.