‘छोट्या दुकानाला हॅकर विचारत नाही’ म्हणे!

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा सल्ला असा: छोट्या दुकानाला हॅकर विचारत नाही, अँटिव्हायरस टाका, टॅलीतल्या हिशेबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, बाकी सिक्युरिटीचा खर्च म्हणजे लूट.

हॅकर दुकान बघून येतच नाही. त्याचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरचे पत्ते ओळीने चाचपत जातं आणि रिमोट डेस्कटॉपचा (दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडा सापडला की पासवर्ड लावून बघतं. अकाउंटंटला घरून टॅली उघडता यावी म्हणून राउटरवर नेमका हाच पोर्ट उघडून ठेवलेला असतो. पासवर्ड दुकानाचं नाव आणि पुढे १२३. पोर्टचा नंबर बदलणं ही नुसती मनाची समजूत, बदललेलाही सापडतो. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला आत पाठवणारी सेटिंग) काढा, घरून करायचं काम व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या खासगी, बंदिस्त वाटेने) करा, अकाउंटंटच्या लॉगिनला ॲडमिनचे, म्हणजे सगळं बदलायचे, अधिकार देऊ नका.

अँटिव्हायरस हवाच. पण ॲडमिन होऊन आत शिरलेला माणूस आधी तोच बंद करतो, विंडोजच्या शॅडो कॉपी (विंडोजने स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती) पुसतो आणि मग खंडणीसाठी फाइली लॉक करतो.

आता पेनड्राइव्ह. तो बहुतेक ठिकाणी मशीनलाच खोचलेला असतो, त्यामुळे डेटाबरोबर बॅकअपही लॉक होतो. गूगल ड्राइव्हचं सिंक असेल तर लॉक झालेल्या फाइली तिथेही चढतात. जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवसच राहतात. दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या, आलटून-पालटून वापरा, बॅकअप झाला की काढा; एक घरी ठेवा. महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर, रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा (टॅली प्राइममध्ये ऑल्ट वाय, मग रिस्टोअर) आणि शेवटचं व्हाउचर व रोख शिल्लक जुळवा. चालू डेटाच्याच फोल्डरमध्ये रिस्टोअर केलंत तर आजच्या नोंदींवर जुन्या नोंदी बसतील.

खर्चाची तक्रार निम्मी खरी आहे. महागडी पॅकेजं गळ्यात मारणारे आहेतच. पण वर सांगितलेल्यात पैसे लागतात ते मुख्यतः दोन डिस्कचे. सप्लायरचा ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल आला तर जुन्या बिलावरच्या नंबरला फोन करून खात्री करायला काय खर्च? पैसे गेलेच तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आणि बँक यांना फोन.

फाइली लॉक झालेल्या दिसल्या तर आधी लॅनची केबल उपटा, वायफाय बंद करा. घाबरून बॅकअपची डिस्क त्याच मशीनला लावू नका. विंडोज नव्याने टाकून होईपर्यंत ती कपाटातच राहू द्या.