वर्ष गुंडाळायचंय ना? मग पोरांना जरा बाजूला बसवा

नवीन जॉइन झालेल्या सर आणि मॅडम लोकांसाठी हे लिहितोय. 16,000 रुपये मानधनावर तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची आहेत तुम्हाला, त्यात एप्रिल महिना तीनदा येणार, तेव्हा आत्ताच समजून घ्या. पुस्तक संपलंय, सकाळची शाळा झालीय, आता पंधरा दिवस पोरांकडून छान वाचन करून घेऊ, पाढे पक्के करू, ज्याला हातच्याची वजाबाकी येत नाही त्याला जवळ बसवू असं काही मनात आलं असेल तर ते मनातच ठेवा आणि ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. एप्रिलमध्ये शिकवणारा मास्तर म्हणजे लग्नाच्या मांडवात अभ्यास करणारा नवरदेव. लोक हसतात, आणि कामं तशीच राहतात.

पहिलं काम निकाल. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे वर्षभर चालणारं मूल्यमापन, 70 आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, 30, तिसरी-चौथीला 60-40, पाचवीला 50-50, हे तुम्हाला डी.एड.ला शिकवलं असेल. त्या आकारिकची आठ साधनं असतात, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प वगैरे, आणि वर्षभर एकेका पोराची प्रत्येक विषयात नोंद करत जायची असते. आता तुमच्याकडे तीन वर्ग, माझ्याकडे दोन, म्हणजे दुसरीचं निरीक्षण चालू असताना तिसरीतली पोरं तुमचंच निरीक्षण करत असतात. म्हणून अनुभवी माणसं हे घर कळसाकडून बांधतात. आधी श्रेणी ठरवायची. गण्या ब-1 चा, म्हणजे 71 ते 80, म्हणजे 76 धरू. मग 76 चे तुकडे करून साधनांच्या रकान्यात वाटायचे, आणि मग ज्या साधनाला 9 पडले ते साधन आपण कधी वापरलं असावं बरं, याचा शांतपणे विचार करून ऑगस्टमधली एखादी तारीख टाकायची. फक्त ती तारीख रविवारची नाही ना एवढं कॅलेंडरवर बघा. मी एकदा एका पोराचं तोंडी काम 15 ऑगस्टला घेतलं होतं. केंद्रप्रमुखांनी विचारलं तर सांगितलं, भाषण केलं होतं त्यानं. कधीकधी देव पावतो, पण रोज पावत नाही.

आणि पाचवीला आता नापास करता येतं म्हणून उगाच खूश होऊ नका. प्रत्येक विषयात 35 टक्के पाहिजेत हे खरं, पण नापास केलेल्या पोराला जादा मार्गदर्शन कोण करणार? तुम्हीच. पुनर्परीक्षा कोण घेणार? तुम्हीच. त्याचा पेपर, त्याचा निकाल, त्याचा वेगळा तक्ता, ही सगळी शिक्षा त्याला नाही, तुम्हाला आहे. सवलतीचे 10 गुण असतात ते शासनानं पोरांसाठी दिलेत असं तुम्हाला वाटत असेल, तसं समजा.

आता वर्णनात्मक नोंदी. प्रत्येक पोराचं व्यक्तिमत्त्व ओळखून विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक अशा तीन प्रकारांत लिहायचं. ओळखायला वगैरे जाऊ नका, पीडीएफ आहे. विषयवार आहे, शोधायचं आणि चिकटवायचं. ‘आपल्या भावना योग्य शब्दांत व्यक्त करतो’, ‘परिसरातील बदलांचे निरीक्षण करतो’, असली वाक्यं आहेत, पंतप्रधानांनासुद्धा चालतील इतकी मोघम. दोनच धोके. एक म्हणजे मुलींच्या पुढे ‘करतो’ राहून जातं. दुसरा छंदाचा. मी एका वर्षी सलग बारा पोरांना ‘पोहणे’ लावून दिलं. आमच्या गावाला मार्चपासून टँकर येतो. पोरांनी एवढं पाणी एका ठिकाणी फक्त मोबाईलवर बघितलंय. तपासणीला आलेल्या साहेबांनी सही केली आणि जाताना पाठीवर थाप मारून गेले, स्विमिंग वगैरे चांगलं चाललंय म्हणे तुमच्याकडं.

यापेक्षा नाजूक विषय उसाचा. आम्ही बालाघाटच्या डोंगरातले, म्हणजे दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले आईबाप ट्रॅक्टरमध्ये संसार टाकून कोल्हापूर, सांगली, नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्याला जातात आणि गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि आम्ही दोघं मास्तर उरतो. काही पोरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण धाकटी भावंडं सांभाळायला आणि कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, भाकरी करायला कोणीतरी लागतंच, ते कोणीतरी साधारण तिसरी-चौथीत असतं आणि बहुतेक वेळा मुलगी असतं. जाताना आम्ही तिच्या हातात शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत ते दाखवायचं आणि बसायचं. कार्ड छान असतं, जाड कागदाचं. परत येतं तेव्हा बऱ्याचदा त्यात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकल्याचा हिशेब असतो, बापाच्या अक्षरात.

तर ही मंडळी मार्च-एप्रिलमध्ये, पट्टा पडला की परत येतात. पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं, पण आमच्या शाळेचा हंगाम नेमका तेव्हाच जोरात असतो. मुलगी सकाळी वर्गात येऊन बसते, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे, आणि समोर संकलित मूल्यमापन दोन. तुम्ही नवीन आहात, तुम्हाला घशात काहीतरी अडकल्यासारखं होईल. पाणी प्या आणि रजिस्टर काढा. कारण सलग तीस दिवस गैरहजर पोर शाळाबाह्य धरायचं असतं, आणि शाळाबाह्य दाखवलं तर पट, म्हणजे शाळेतल्या पोरांची संख्या, कमी, माहिती वेगळ्या नमुन्यात, सर्वेक्षण परत, आणि साहेबांचा फोन की आपल्या केंद्रात शाळाबाह्य निरंक, म्हणजे एकही नाही, असं आपण वर कळवलेलं असताना ही तुमची पोरगी कुठून आली. ती कुठून आली हे तुम्हाला माहीत असतं, साहेबांनाही माहीत असतं, साखर खाणाऱ्या सगळ्या महाराष्ट्राला माहीत असतं. पण रकान्यात तसा पर्याय नसतो. मग तिची नोंद पीडीएफमधून घ्यायची, ‘शाळेत नियमित उपस्थित राहते’. इथं ‘राहतो’ झालं तरी कोणी बघत नाही.

गणितात मात्र ही पोरं गोंधळ घालतात बरं का, सांभाळा. मागे एकीला पेपरात विचारलं, एका मोळीत अमुक ऊस तर इतक्या मोळ्यांत किती. पेपर काढणाऱ्याला वाटलं परिसराशी जोडलेलं उदाहरण. तिनं लिहिलं, ऊस कसला हाय त्याच्यावर. तिला शून्य द्यावा लागला, उत्तरसूचीत 240 होतं.

असो. पैशाचं सांगतो, थोडक्यात, कारण पैसेही थोडकेच असतात. तीस पोरांपर्यंतच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 10,000 रुपये, आणि ते जूनमध्ये आलं तर तुम्ही उगाच विचार करून खर्च कराल म्हणून बऱ्याचदा मार्चच्या शेवटी येतं. 31 तारखेच्या आत खर्चायचं, नाहीतर परत. साइट बंद, बँकेत गर्दी, दुकानदार म्हणतो सर बिल आत्ता घ्या, माल जूनमध्ये नेतो म्हणा. असल्या वेळी जगातली एकच गोष्ट कामाला येते, रंग. भिंत कुठलीही असू दे, रंगवायची. आमच्या व्हरांड्यावर ‘पाणी अडवा पाणी जिरवा’ चार वर्षं दर मार्चला नव्यानं लिहिलं गेलंय. अक्षरं आता भिंतीच्या बाहेर आलीत, चाचपडून वाचता येतात.

जडवस्तू संग्रह रजिस्टर हा वर्षअखेरीचा कळस. यातली प्रत्येक वस्तू मोजून दिसली पाहिजे. 1990 च्या आसपासच्या लोखंडी खुर्च्या, त्यातल्या काहींची फक्त पाठ उरलीय, एक पृथ्वीगोल ज्याच्यावर सोव्हिएत रशिया अजून शाबूत आहे, एक संगणक जो आल्यापासून एकदाही चालू झाला नाही आणि त्याचं कव्हर मात्र आम्ही धुतो. टाकून देऊ असं म्हणू नका. निर्लेखनाशिवाय, म्हणजे रजिस्टरमधून रीतसर कमी केल्याशिवाय, मोडकी खुर्चीसुद्धा शाळेबाहेर जाऊ शकत नाही, आणि निर्लेखनासाठी प्रस्ताव, समितीचा ठराव, वरची मंजुरी, एवढं लागतं. त्यामुळे एका खोलीत भंगार व्यवस्थित ठेवायचं आणि त्या खोलीतली पोरं व्हरांड्यात बसवायची. पोरांचं निर्लेखन सोपं असतं, दाखला दिला की झालं.

पोषण आहाराच्या तांदळाचंही बघून ठेवा. पहिली ते पाचवीला रोज पोरामागे 100 ग्रॅम, हा हिशेब वर्षभर ग्रॅमला ग्रॅम जुळला पाहिजे, शिल्लक किती, शिजवला किती, चव कोणी घेतली, चवीचं वेगळं रजिस्टर असतं. उंदराला रकाना नाही, तेव्हा उंदरानं खाल्लेलं पोरांनी खाल्लं असं दाखवतात. त्या दिवशी हजेरी वाढते. आणि रिकामा बारदाना जपा! पोतं विकून पैसे भरायचे असतात, त्याचा हिशेब विचारतात. मी भर उन्हात दोन तास सतरा पोती मोजत बसलो होतो, तेवढ्यात एक बाई विचारायला आली, सर माझं पोरगं वाचतंय का हो? म्हटलं थांबा, चौदा झालीत.

मोबाईल चार्ज ठेवा हे वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये मेसेज येतात ते तातडीचे, अतितातडीचे आणि ‘आजच सायं. 5 पर्यंत’, यातला शेवटचा पावणेपाचला येतो. आधार जुळलं का, अपार आयडी, म्हणजे पोराचा देशभरचा विद्यार्थी क्रमांक, झाला का, चावडी वाचनाचे, म्हणजे पोरांनी गावासमोर वाचून दाखवल्याचे, फोटो टाकले का. नवीन मास्तराची चूक ही की तो लिंक उघडून वाचतो. वाचू नका, आधी ‘निरंक’ टाका. ज्याला निरंक कळला त्याला नोकरी कळली. फक्त एकदा घाईत माझ्याकडून शाळेत शिक्षक किती याच्यापुढे निरंक गेला, आणि खरं सांगतो, त्यावरही वरून ‘धन्यवाद’ आलं.

यातून सुटलात की गावात फिरायचं. पुढच्या जूनचा पट गोळा करायचा असतो, कारण वीसच्या खाली गेलात की शाळा बंद किंवा दुसरीत विलीन अशी चर्चा सुरू होते. शाळापूर्व तयारी मेळावा घ्या, पहिलीत येणाऱ्या पोराला फुगा द्या, ढोल वाजवा, आणि ढोलाच्या आवाजात इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी कोपऱ्यावरून तीन पोरं उचलून जाते तिकडं बघू नका. खिशातून दप्तर देऊ केलं तर एखादं पोर मिळतं. पूर्वीच्या गुरुजींचं बरं होतं, दिसेल त्या पोराचा डावा कान उजव्या हातानं डोक्यावरून धरता आला की वय बसलं, जन्मतारीख 1 जून. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस असा एका दिवशी आलाय, माझाही. आता जन्मदाखला लागतो, त्यामुळे पोरांना खरं वय मिळायला लागलंय, शाळेच्या कागदांत तेवढीच एक गोष्ट खरी.

पाचवीच्या निरोप समारंभाला भाषण लांबवू नका, पोरं रडायच्या आधी खिचडी वाटा. शाळेला भेट म्हणून ती भिंतीवरचं घड्याळ देतील. दरवर्षी घड्याळच. आमच्याकडे अकरा आहेत, अकरा वेगवेगळ्या वेळा दाखवतात, आणि अर्थातच अकराही जडवस्तूत.

आणि मग 1 मे. सकाळी झेंडा, महाराष्ट्र गीत, मग निकाल. 2025 ला तर परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालली होती आणि निकाल 1 मे लाच, मधल्या पाच दिवसांत आम्ही दोघांनी जे काही लिहिलं ते आम्हालाही आता वाचता येत नाही. प्रगतिपुस्तक वाटताना प्रत्येकाच्या घरच्यांना एक वाक्य बोलायचं, ‘हुशार आहे, थोडं लक्ष द्या’. सगळ्यांना चालतं. ती उसाहून आलेली पोरगी एकटीच येईल, आईबाप रोजगार हमीवर गेलेले असतात. प्रगतिपुस्तक न उघडताच पिशवीत टाकेल आणि तिथंच उभी राहील. तुम्हाला वाटेल श्रेणीबद्दल काही विचारणार. मला विचारलं तिनं ते असं, सर, उरलेले खडू देता का, धाकट्याला अक्षरं शिकवायचीत, सुट्टी हाय तवर.

देऊन टाका. खडू उपभोग्य साहित्यात मोडतात, त्यांना निर्लेखन लागत नाही.