सात घोडे, अठ्ठावीस खूर

"ताई, सात घोडे पाहिजेत. पांढरे, पळणारे, तोंडं घराच्या आत. आणि लगाम नको हां, वास्तुवाल्यांनी बजावून सांगितलंय."

असे फोन मला वर्षाला दहा-बारा येतात. पूर्वी राग यायचा. पाच वर्षं चित्रकला शिकून शेवटी काय, तर वास्तुशांतीचे घोडे! आता येत नाही. एका सात घोड्यांच्या चित्रातून एका खऱ्या घोडीची तीन महिन्यांची वैरण निघते, हा हिशेब एकदा कळला आणि माझा कलावंताचा ताठा गळून पडला.

सासवडच्या पलीकडे एका मित्राच्या पडीक रानात आम्ही चौघं मिळून सहा घोडे सांभाळतो. एक जनावरांचे डॉक्टर, एक बँकेतून निवृत्त झालेले काका, एक बी-बियाणांचा दुकानदार आणि मी. संस्था म्हणावी एवढं ते मोठं नाही. पत्र्याची शेड, पाण्याची टाकी आणि कडब्याची गंजी, संपलं. त्यामुळे "तुमच्या एनजीओला भेट द्यायची आहे" असं लिहिणाऱ्यांनी पायांत जुन्या चपला घालून यावं.

पण आधी त्या चित्राबद्दल. तुमच्या घरात सात घोडे असतील तर आत्ता उठून बघा. बहुतेक ते पाण्यातून पळत असतील. गुडघ्यापर्यंत फेस, तुषार, लाटा. मला बरीच वर्षं वाटायचं की पाणी म्हणजे समृद्धी वगैरे असेल. स्वतः काढायला बसले तेव्हा खरं कारण सापडलं. पाणी असलं की खूर काढावे लागत नाहीत. अठ्ठावीस खुरांची मेहनत वाचते. मीही कित्येक चित्रांत वाचवली आहे, खोटं कशाला बोलू.

मान, आयाळ, फुललेल्या नाकपुड्या कुणालाही आवडतात आणि थोड्या सरावाने जमतातही. खूर जमत नाही, कारण आपण तो कधी नीट पाहिलेलाच नसतो.

मी काढलेला पहिला घोडा म्हणजे आमच्या देवघरातला खंडोबाचा टाक. काढलेला तरी कसा म्हणू? टाकावर कागद ठेवायचा आणि वरून पेन्सिल घासायची. हळूहळू तलवार उमटायची, मग म्हाळसा, मग घोड्याची मान. पाय कधीच उमटले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या पूजेत घासून टाक खालून गुळगुळीत झाला होता. आजी म्हणायची, "देवाचा घोडा आहे तो, त्याला पाय कशाला पाहिजेत?" तेव्हा पटलं होतं.

पळणाऱ्या घोड्याचे पाय तर मोठमोठ्यांना चकवून गेलेत. शतकानुशतकं चित्रकार घोडा कसा दाखवायचे, तर पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे, जणू हवेत पोहतोय. 1878 साली कॅलिफोर्नियात मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून पळत्या घोडीचे फोटो घेतले आणि सगळ्यांची पंचाईत झाली. चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरं, पण ते ताणलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. हे कळून दीडशे वर्षं होत आली तरी वास्तूचे घोडे अजून पोहतातच.

जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराने वेगळा रस्ता धरला. लिंकनशरमधल्या एका खेड्यातल्या घरात त्याने मेलेले घोडे टांगून, एकेक थर सोलत, सुमारे दीड वर्ष रेखाटनं केली. 1766 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्या वासाची कल्पना केली तरी मला मळमळतं. पण त्याने रंगवलेला व्हिसलजॅकेट नावाचा घोडा लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याचं चित्र शोधून बघा. जवळजवळ दहा फूट उंचीचा घोडा आणि मागे काहीच नाही, ना झाड, ना आभाळ, ना स्वार. मागच्या खुरांपाशी तेवढी इवलीशी सावली. सगळा भार त्या दोन खुरांवर कसा तोललाय ते बघा.

आपले हुसेन पंढरपुरात जन्मले, 1915 साली. त्यांच्या घोड्यांवर मोहरमच्या मिरवणुकीतल्या दुलदुल घोड्याची छाया आहे असं जाणकार सांगतात. मला ते घोडे आवडतात, पण थोडं भीत भीत. ती वळलेली मान आणि विचकलेले दात पाहिले की हा घोडा खूश आहे की वेदनेत, हे मला ठरवता येत नाही. चंदी आल्यापासून तर मुळीच नाही.

चंदी म्हणजे आमची पहिली घोडी. नुकरा जातीची, पांढरीशुभ्र, नाकाभोवतीची कातडी गुलाबी. ही गुलाबी कातडी वरातीच्या रोषणाईत फार देखणी दिसते आणि उन्हात भाजून निघते. नऊ वर्षं तिने नवरदेव वाहिले. मग पुढच्या पायांनी लंगडायला लागली आणि मालकाने तिला आणून आमच्या दारात उभं केलं. तो काही राक्षस नव्हता. पोरासारखं वाढवलं म्हणाला, आणि रडला. त्याच्या डोक्यावर कर्ज होतं, लग्नाचा हंगाम तोंडावर होता आणि लंगड्या घोडीला सुपारी मिळत नाही. तिला नाचायला लावायला वापरलेला लगामही त्याने सोबत दिला. आत काटे होते. भारवाहू जनावरांसाठी 1965 पासून नियम आहेत. काटेरी लगामाला त्यात बंदी आहे. दिवसभरात नऊ तासांच्या वर काम नको. पारा 37 अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. तट्टाच्या पाठीवर 70 किलोंपेक्षा जास्त ओझं नको. थंड हवेच्या ठिकाणी घोड्यावर बसताना हा शेवटचा आकडा आठवून आपापल्या पोटाकडे बघायला हरकत नाही.

चंदी उभी राहायची ती भलत्याच पद्धतीने. पुढचे पाय पुढे टाकलेले, अंग मागे रेललेलं, जणू निखाऱ्यावर उभी आहे. डॉक्टरांनी माझा हात धरून तिच्या खुरावर ठेवला. खूर गरम होता. घोड्याचा खूरही तापतो हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं! खुराच्या आतलं हाड बाहेरच्या कवचाला असंख्य बारीक पापुद्र्यांनी चिकटलेलं असतं. ते सुजले की पकड सुटते आणि हाड आत कलतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. कारणं बरीच असतात. चंदीच्या बाबतीत डॉक्टरांना संशय होता तो लाडाचा. मांडवातली बुंदी, गुळाचे खडे, उरलेल्या चपात्या, प्रत्येक लग्नात प्रत्येक मावशीने प्रेमाने भरवलेल्या. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पचवायचं, नाही तर पोटशुळाने लोळायचं. म्हणून हात जोडून सांगते, पुण्य मिळवायला घोड्याला गोड भरवू नका. ओंजळभर हिरवं गवत घाला आणि बादलीभर पाणी ठेवा.

(तिचं नाव चंदी, आणि तिला हरभऱ्याची चंदी, म्हणजे घोड्याचा खुराक, कायमची बंद. हा विनोद आम्ही जाणूनबुजून केलेला नाही.)

खूर महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो. वरून खाली पूर्ण नवा यायला वर्ष लागतं. ते वर्षभर मी दर रविवारी जाऊन चंदीचे खूर काढले, फक्त खूर. आजारपणात खुरावर वळ्या पडतात, झाडाच्या बुंध्यात असतात तशा, पण टाचेकडे फाकत गेलेल्या. वाचता आलं तर त्यात मागचे सगळे वाईट महिने दिसतात. माझ्या वहीत ती वळी दर महिन्याला थोडी थोडी खाली सरकत गेली आणि एके दिवशी नालबंद चाचांच्या कानशीखाली भुगा होऊन गळून पडली. पारितोषिकं मिळाली तेव्हा नव्हता झाला एवढा आनंद मला त्या भुग्याचा झाला. चंदी आजही थोडी लंगडते. बरी झाली असं मी म्हणणार नाही. चालते, एवढंच.

दुसरा आमचा बुक्का. नावाप्रमाणे काळाकुळकुळीत. तो आला त्या आठवड्यात गावात बातमी पसरली आणि लोक यायला लागले. घोडा बघायला नाही, नाल मागायला! काळ्या घोड्याची नाल, साडेसातीवर उतारा. एकाने हजार रुपये काढून दाखवले. एकजण म्हणाला, "चालून झिजलेलीच द्या, नवीन चालत नाही." बुक्काच्या डाव्या पायात खिळा चुकीच्या जागी ठोकलेला होता. खूर पू धरून सुजलेला. त्याची साडेसाती त्याच नालेत होती आणि तीच दारावर ठोकायला माणसं रांगेत उभी. काकांनी शेवटी बाजारातून लोखंडी नाला आणल्या आणि "देणगी द्या, नाल घ्या" सुरू केलं. मी भांडले. फसवणूक आहे ही! काका म्हणाले, "मी कुठे म्हटलं बुक्काची आहे म्हणून?" आमच्यात हा वाद अजून चालू आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले त्याकडे येते. परवा एका वरातीत कोसळलेल्या घोडीचा व्हिडिओ फिरत होता. खाली दोनच प्रकारच्या प्रतिक्रिया होत्या: "बंदी घाला" आणि "यांची हौस, तुम्हाला काय त्रास?" मी बंदीच्या बाजूची आहे. डीजेच्या भिंतीपुढे घोडी नाचवणं बंद व्हावं, आजच व्हावं. पण बंदीने घोडा वाचत नाही, बंदीने फक्त त्याचं काम थांबतं. मुंबईत 2015 साली उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया, म्हणजे हौशीच्या घोडागाड्या, बंद करायला सांगितल्या. निकाल योग्यच होता. सिमेंटच्या रस्त्यावर त्या टापांचे हाल मी पाहिलेत. पुढे 2021 मध्ये व्हिक्टोरिया बॅटरीवर परत आली. काळा घोडा चौकातला राजाचा पुतळा 1965 सालीच आपल्या घोड्यासकट राणीच्या बागेत गेला होता, त्या चौकातही 2017 मध्ये नवा घोडा आला, बिनस्वाराचा. गाडी परत आली, पुतळाही आला. जिवंत घोडा मात्र रोज खातो. तो 25-30 वर्षं जगू शकतो, आणि त्यातली शेवटची दहा वर्षं तो कुणाच्याच कामाचा नसतो. त्या दहा वर्षांचा पैसा कुठून येणार, हे ज्या मागणीपत्रात लिहिलेलं नाही त्यावर मी आताशा सही करत नाही. त्यात मालकाच्या पोटाचाही प्रश्न आला. तो सुटला नाही तर घोडा रातोरात विकला जातो, आणि आपल्याला व्हिडिओसुद्धा दिसत नाही.

वाचवणं म्हणजे नक्की काय, हेही मी पूर्वी फार सोपं समजायचे. डोरोथी ब्रुक नावाची इंग्रज बाई 1930 मध्ये कैरोला गेली. पहिलं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश फौजेने तिथेच विकून टाकलेले घोडे तिला गाड्या ओढताना दिसले, म्हातारे, हाडं निघालेले. तिने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, पैसे जमवले आणि काही वर्षांत सुमारे 5,000 घोडे विकत घेतले. त्यातल्या बहुतेकांना तिने काय दिलं? मऊ अंथरूण, पोटभर चारा, आणि शांत मरण. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तिचा राग आला होता. मग आमच्याकडे एक पाय मोडलेलं शिंगरू आलं. डॉक्टरांनी सिरिंज भरली, मी त्याचं डोकं मांडीवर धरलं. त्या रात्री तो राग गेला. त्या शिंगराचं चित्र मी काढलेलं नाही. काढणारही नाही.

"पण घोडं पोसून उपयोग काय?" हे मला गावात आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं. पूर्वी मी सर्पदंशाच्या औषधाचं उदाहरण द्यायचे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चावल्यावर सरकारी दवाखान्यात जी कुपी देतात, ती घोड्याच्या रक्तातून येते. त्याला विषाचे बारीक डोस देत जातात, त्याचं रक्त त्या विषाला उत्तर तयार करतं, आणि तेच आपल्या नसेत जातं. शेतात राबणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं. तरी मी ते सांगणं सोडलंय. पटलं की पुढचा प्रश्न येतोच, "मग तुमचे घोडे का देत नाही तिकडे?"

आषाढात मी माउलींच्या वाटेवर रिंगण बघायला जाते. बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व चालत आळंदीला येतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. रिंगण झालं की लाखभर माणूस धावतो ते टापांखालची माती कपाळाला लावायला. मीही लावते. यंदा मात्र मी वाकले आणि आधी घोड्याच्या पायाकडे बघितलं. खूर स्वच्छ, नीट तासलेले होते. मग लावली.

तर ते सात घोडे. या वेळी मी पाणी काढलं नाही. खाली आमच्याच रानातला तांबूस मुरूम घेतला आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खूर रंगवले. पाच आठवडे लागले. गिऱ्हाईक सपत्नीक आले. साहेबांनी पंचांग बघावं तसं चित्र बराच वेळ बघितलं. बाईंनी जवळ जाऊन सहाव्या घोड्यावर बोट ठेवलं. "हा लंगडतोय का हो?"

मी बघितलं. लंगडत होता. उजवा पुढचा पाय, अगदी चंदीचा. माझ्या हाताने केव्हा काढला, मला पत्ताच नाही.

"दुरुस्त करून देते," मी म्हटलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. साहेब म्हणाले, "थांबा, वास्तुवाल्यांना विचारून सांगतो."

अजून फोन आलेला नाही. चित्र शेडमध्ये कडब्याला टेकवून ठेवलंय आणि बुक्काने त्याचा एक कोपरा चाटून ठेवलाय.